न तुटणारा पदार्थ असतो काय?

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी इयत्ता नववीच्या वर्गात धातूंच्या गुणधर्मांचा पाठ चालू होता. तन्यता, वर्धनीयता, काठिण्य हे शब्द फळ्यावर लिहून झाले होते आणि मुले ते निमूटपणे उतरवून घेत होती. इतक्यात मागील बाकावरील एक विद्यार्थी उभा राहिला व म्हणाला, “सर, जो कधीच तुटत नाही असा एखादा तरी पदार्थ आहे का?” मी घाईत होतो. “नाही, असा पदार्थ नाही,” एवढेच सांगून मी पुढल्या व्याख्येकडे वळलो. मुलगा खाली बसला. पण तो समाधानाने बसला नाही, हे माझ्या दृष्टीस पडले.

मधल्या सुट्टीत त्याच्या सोबत्यांकडून मला सर्व हकीकत कळली. त्याचे वडील विहिरी खोदण्याच्या कामावर होते. यारीच्या तारेस दगडांची बादली ज्या साखळीने अडकवितात ती साखळी उन्हाळ्यात एके दिवशी तुटली, बादली खाली कोसळली आणि त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला. साखळी विकत घेताना “ही जन्मभर तुटावयाची नाही” असे सांगण्यात आले होते. तेव्हा ज्या अर्थी साखळी न तुटणारी होती, त्या अर्थी बादली भरणाराचीच चूक झाली असली पाहिजे, असा निवाडा गावाने करून टाकला. बादली भरणारे त्याचे वडीलच. मुलाच्या प्रश्नामागे हे सर्व होते. माझे उत्तर खरे होते, तरी इतक्या मोठ्या प्रश्नाला ते फारच तोकडे पडले. म्हणून तोच पाठ येथे पुन्हा, जरा सावकाशीने, मांडीत आहे.

प्रथम ‘तुटणे’ म्हणजे काय ते पाहू. एखादा पदार्थ नष्ट करण्याचे मार्ग अनेक आहेत. तो घासता येतो, ठोकता येतो, ओढता येतो, वितळविता येतो, जाळता येतो, अम्लात विरघळविता येतो. जो एका परीक्षेत पहिला येतो तो दुसरीत हटकून अनुत्तीर्ण होतो. हिऱ्याचेच उदाहरण घ्या. आपल्या विदर्भातील वैरागड येथे एके काळी हिऱ्यांच्या खाणी होत्या. वज्र हे हिऱ्याचे नाव तर आपल्याकडे अभेद्यतेचाच पर्याय होऊन बसले आहे. निसर्गात सापडणाऱ्या कोणत्याही सामान्य खनिजाने हिऱ्यावर ओरखडा उठत नाही, हे खरे. परंतु तोच हिरा ऐरणीवर ठेवून हातोड्याचा एक घाव घातला तर त्याचे तुकडे होतात. जवाहिऱ्यांना ही गोष्ट पूर्वीपासून ठाऊक आहे. हिऱ्याला ठरावीक दिशांनी चीर जाते, हे जाणूनच ते तो फोडतात. इतकेच नव्हे, तर हिरा जळतोही. फ्रान्समध्ये लाव्हाझिए याने १७७२ मध्ये मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळून दाखविला, आणि १७९७ मध्ये स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने सिद्ध केले की हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, कोळशाचा सख्खा भाऊ. कठीण असणे आणि चिवट असणे हे दोन निराळे गुण आहेत, हे विद्यार्थ्यांनी येथे पक्के ध्यानात घ्यावे. काच कठीण आहे, चामडे चिवट आहे. मोटेची नाडी काचेची कोणी करीत नाही.

हे दोन्ही गुण एका पदार्थात पुष्कळ अंशी आणता आले, आणि त्याची कच्ची सामग्री आपल्या रामटेक तालुक्यातच जमिनीखाली आहे. मनसर, कांद्री, बेलडोंगरी या गावांच्या खाणींतून निघणारा काळा, जड दगड आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. कित्येक घरांची चूल त्यावर चालते. ते मँगनीजचे खनिज होय. सन १९०० च्या सुमारास ते येथून परदेशी जाऊ लागले. १९६२ पासून त्या खाणींचा कारभार नागपूरस्थित ‘मॉइल’ ही सरकारी कंपनी पाहते. आता या मँगनीजची एक मौज ऐका. पोलादात ते शेकडा चार-पाच या प्रमाणात घातले तर पोलाद इतके ठिसूळ होते की हातोड्याखाली त्याचा भुगा व्हावा. कोणीही शहाणा मनुष्य तेथेच थांबला असता. शेफील्ड येथील रॉबर्ट हॅडफील्ड हा तरुण थांबला नाही. त्याने प्रमाण वाढवीत वाढवीत शेकडा बारा-तेरांपर्यंत नेले, आणि १८८२ मध्ये त्याला असे पोलाद मिळाले की ज्यावर घाव घालावे तसतसे त्याचे पृष्ठ अधिकच कठीण व्हावे, आणि आतला गाभा मात्र चिवटच राहावा. साधे पोलाद तापवून पाण्यात बुडविले तर ठिसूळ होते. हे उलट चिवट होते. दगड फोडण्याच्या यंत्रांचे जबडे, कैद्यांच्या कोठड्यांचे गज, पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश शिपायांची शिरस्त्राणे ही सारी याच पोलादाची. आगगाडीचा एक रूळ दुसऱ्यास जेथे ओलांडतो, तेथे प्रत्येक चाकाचा दणका बसतो. भारतीय रेल्वे तेथे आजही ओतीव मँगनीज-पोलादाचे तुकडे बसविते.

तर मग हाच तो न तुटणारा पदार्थ काय? तसे नाही. रेल्वेचे कामगार त्या तुकड्यांची झीज मोजतात, झिजलेल्या जागी वितळलेली धातू भरून त्या पुन्हा उभ्या करतात, आणि काही काळाने तुकडाच बदलतात. ज्यांचा या पोलादाशी रोजचा व्यवहार आहे त्यांनी त्याला कधीच अविनाशी म्हटलेले नाही.

याचे कारण पदार्थाच्या घडणीतच आहे. प्रत्येक घन पदार्थ अणूंचा बनलेला असतो व हे अणू परस्परांना आकर्षणाने धरून असतात. ही पकड कितीही बळकट असो, तिचे एक माप असते. त्या मापाहून अधिक शक्ती खर्च करण्याची ज्याची तयारी आहे, त्याला ती पकड सोडविता येते. पकड अपार असेल असा अणू निसर्गात नाही. तेव्हा ‘न तुटणारा पदार्थ’ याचा अर्थ फार तर ‘आजपर्यंत लागलेल्या जोराला न तुटलेला’ एवढाच होऊ शकतो.

पण याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. अणूंच्या पकडीवरून हिशेब केला तर काचेची कांडी, पोलादाची सळई ही प्रत्यक्षात तुटतात त्याहून कितीतरी पट अधिक भार त्यांनी सोसावयास पाहिजे. मग हे बळ जाते कोठे? ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२० मध्ये याचा उलगडा केला. त्याने काचेचे तंतू ओढून पाहिले आणि त्याला असे आढळले की तंतू जितका बारीक, तितके त्याचे बळ, जाडीच्या मानाने, अधिक. त्याने त्याचे कारण असे दिले की जाड कांडीत डोळ्यांस न दिसणाऱ्या चिरा असतात, आणि बारीक तंतूत मोठ्या चिरेला जागाच नसते. चिरेच्या टोकाशी सगळा ताण एकवटतो. नवे लुगडे दोन्ही हातांनी ओढून फाटत नाही; पण काठाला कात्रीने अर्ध्या बोटाची खाच पाडली की लहान मूलही ते टरकाविते, हे घरातील प्रत्येक बाईला माहीत आहे. ग्रिफिथने त्याच गोष्टीचे गणित मांडले. २००८ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात ग्राफीन या कार्बनाच्या एकअणुजाड पापुद्र्याचे बळ मोजण्यात आले आणि तो आजवर मोजलेल्या सर्व पदार्थांत बळकट ठरला. परंतु तो तुकडा जवळजवळ निर्दोष होता, आणि केसाच्या जाडीहूनही कितीतरी लहान होता. त्याची साखळी करावयाची म्हटली की सांधे आले, आणि सांध्यांबरोबर दोष आलेच.

साखळीत तर आणखी एक शत्रू असतो. भार चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. प्रत्येक खेपेस एखाद्या कडीतील बारीक चीर केसाच्या शतांशाने पुढे सरकते. एकदा भार टाकून पाहिला तर साखळी उत्तम ठरेल. दहा हजार वेळा टाकल्यावर तीच, पूर्वीहून कमी भाराने तुटेल. धातू थकते, असे अभियंते म्हणतात, आणि हा शब्द मला फार समर्पक वाटतो. मनुष्याप्रमाणेच तीही थकल्याचे आधी सांगत नाही.

उष्णता व अम्ले यांच्याविषयी थोडक्यात सांगतो. लोखंड सुमारे १५३८ अंशांवर वितळते. धातूंत सर्वांत उशिरा वितळणारे टंगस्टन ३४२२ अंशांवर. सूर्याच्या पृष्ठभागी सुमारे ५५०० अंश उष्णता असते, म्हणजे तेथे घनरूपात राहील असा पदार्थ पृथ्वीवर नाही. सोन्याला गंज चढत नाही, साधी अम्ले त्याला स्पर्शही करीत नाहीत. पण तीन भाग हायड्रोक्लोरिक व एक भाग नायट्रिक अम्ल मिळून होणाऱ्या आम्लराजात ते साखरेसारखे विरते. याची एक गोष्ट मुलांना फार आवडते. १९४० मध्ये जर्मन सैन्य कोपनहेगन शहरात शिरले तेव्हा नील्स बोर यांच्या संस्थेत फॉन लाउए व फ्रांक या दोन शास्त्रज्ञांची सोन्याची नोबेल पदके सुरक्षिततेसाठी ठेविलेली होती. ती हाती लागली असती तर त्यांच्या मालकांवर संकट येते. हेव्हेशी नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ती दोन्ही आम्लराजात विरघळवून बाटली फळीवर ठेवून दिली. सैनिकांनी झडती घेतली. बाटलीकडे कोणी पाहिले नाही. युद्ध संपल्यावर त्यातून सोने परत काढण्यात आले व त्याचीच पदके पुन्हा पाडण्यात आली. पदक नष्ट झाले होते काय? मी हा प्रश्न वर्गात विचारला तेव्हा दोन तट पडले, आणि तास संपेपर्यंत ते मिटले नाहीत.

आता आपल्या टेकडीकडे वळू. रामगिरीवर वाकाटकांच्या काळातील, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, केवल-नरसिंहाचे मंदिर आहे. त्याच्या भिंतीवर एक शिलालेख आहे, आणि तो कित्येक शतके चुन्याच्या थराखाली झाकलेला होता. १९८० नंतरच्या दशकात तो थर निघाला व लेख उजेडात आला. पण त्यातील पुष्कळ अक्षरे झिजून व फुटून कायमची गेलेली आहेत. ज्या राजकुळाची हकीकत त्यात आहे त्याच कुळातील राणी प्रभावतीगुप्ता हिने याच रामगिरीच्या स्वामींच्या चरणांपासून एक दानपत्र दिले. ते तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेले होते व अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे सापडले. ते आज वाचता येते. दगड कठीण, तांबे मऊ. दगड भिंतीत, ऊनपावसात, माणसांच्या वावरात उभा राहिला. तांब्याचे पत्रे कोणी तरी जपून ठेविले, त्यांवर हिरवट पुटे चढली आणि त्या पुटांनीच आतल्या धातूचे रक्षण केले. मात्र कोणा तांबटाच्या भट्टीत ते एकदा जरी गेले असते तरी त्यांची घागर झाली असती.

प्रभावतीगुप्ता ही सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. दिल्लीत कुतुबमिनाराजवळ जो सुप्रसिद्ध लोहस्तंभ आहे, त्यावरील लेखातील ‘चंद्र’ राजा म्हणजे हाच चंद्रगुप्त, असे बहुतेक विद्वान मानतात. सात मीटरांहून उंच व सहा टनांहून अधिक वजनाचा हा स्तंभ सोळाशे वर्षे उघड्यावर असून गंजून गेलेला नाही, म्हणून पाठ्यपुस्तकांत त्याला चमत्कार म्हणून मिरविले जाते. मँगनीज-पोलादाच्या त्याच हॅडफील्डने १९१२ मध्ये या स्तंभाच्या लोखंडाचे पृथक्करण प्रसिद्ध केले. त्यात आजच्या पोलादाच्या मानाने फॉस्फरस पुष्कळ आढळला. पुढे कानपूरच्या आय. आय. टी. मधील प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले की या फॉस्फरसामुळे स्तंभाच्या अंगावर एक अत्यंत पातळ थर बसतो व तो गंजाला आत शिरू देत नाही. म्हणजे स्तंभही गंजतो. पहिला गंजच पुढल्या गंजाची वाट अडवितो, एवढेच. आणि हे कोरड्या हवेत. १९६१ मध्ये त्याचा जमिनीखालील भाग उकरून पाहिला तेव्हा तेथे गंजाने आपले काम बरेच केलेले दिसले. शिवाय यात्रेकरू त्याला पाठमोरे कवटाळीत, त्या घर्षणाने रक्षक थर निघू लागला, म्हणून १९९७ मध्ये त्याभोवती कठडा घालावा लागला. सोळा शतकांचे ऊन आणि पाऊस ज्याने सोसले, त्याला पाहुण्यांच्या प्रेमापासून वाचवावे लागले!

कोणी म्हणेल, मनुष्याने केलेल्या वस्तूंचे राहू द्या, डोंगराचे काय? आपल्याच तालुक्यातील देवलापारच्या परिसराचा अभ्यास करून डब्ल्यू. डी. वेस्ट या भूशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये दाखविले की तेथील खडक घड्या घातलेल्या घोंगडीप्रमाणे दुमडले असून एक थर दूरवरून सरकत येऊन दुसऱ्यावर पसरला आहे. खोल पोटातील उष्णता व दाब आणि कोट्यवधी वर्षांचा अवधी मिळाला की दगडही वाकतो. घाईने नाश पाहावयाचा असेल तर बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला जावे. तेथे आकाशातून आलेल्या एका पाषाणाने कठीण काळ्या खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर क्षणार्धात पाडले, आणि त्या आघाताने खडकातील काही स्फटिक न वितळताच काचेसारखे होऊन गेले.

अखेरीस अणूंकडे जावे लागते. पदार्थ तुटला तरी अणू राहतातच, असे आमच्या पिढीला शाळेत शिकविले. त्यात तथ्य मोठे आहे. पण अणूही फुटतो हे आता सर्वश्रुत आहे. मग अणूच्या गर्भातील प्रोटॉन तरी अमर आहे काय? हा प्रश्न आपल्या देशातही विचारला गेला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी सहकाऱ्यांसह, १९८० च्या सुमारास, कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे २३०० मीटर खोल लोखंडी पत्र्यांचे मोठे उपकरण उभारून एखादा प्रोटॉन मरताना दिसतो का याची वाट पाहिली. काही संशयास्पद खुणा त्यांना आढळल्या व १९८२ मध्ये त्यांनी त्या प्रसिद्ध केल्या. पण पुढील मोठ्या उपकरणांनी त्यांना दुजोरा दिला नाही. जपानमधील सुपर-कामिओकांदे या उपकरणाच्या निरीक्षणांवरून आता एवढे म्हणता येते की प्रोटॉनाचे आयुष्य असलेच तर ते एकावर चौतीस शून्ये इतक्या वर्षांहून अधिक असले पाहिजे. म्हणजे अविनाशी म्हणण्याच्या जवळपास जाणारी वस्तू सापडली ती अशी, की जिची साखळी करता येत नाही.

हे सर्व मी त्या विद्यार्थ्याला चार-पाच दिवस मधल्या सुट्टीत सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि सहाव्या दिवशी कागदात गुंडाळलेली एक वस्तू आणून माझ्या मेजावर ठेविली. ती तुटलेली कडी होती. घरी ती खुंटीला टांगून ठेविली होती.

प्रयोगशाळेतील भिंगाखाली आम्ही तिचे तुटलेले तोंड पाहिले. आता तेही गंजले असेल अशी मला भीती होती. पण त्याच्या आईने गोडेतेल लावून ती ठेविली होती, का ते तिलाच ठाऊक. तोंडाचे दोन भाग स्पष्ट दिसत होते. एक भाग काळपट तांबडा, जुन्या गंजाचा, व त्यावर शिंपल्यावर असतात तशा एकामागून एक वाकड्या रेषा. दुसरा भाग करडा, खरबरीत व ताजा. जुना भाग म्हणजे चीर, जी कित्येक महिने हळूहळू आत शिरत होती; ताजा भाग म्हणजे त्या शेवटच्या दिवशी जेवढी धातू धरून होती तेवढी. मुलाने कागदाच्या चौकटी आखून दोहोंचे क्षेत्रफळ मोजले. ताजा भाग पाचव्या हिश्श्याहूनही कमी भरला. कडीची जाडी, जेथे ती शेजारच्या कडीवर घासत होती तेथे, कॅलिपराने मोजली तेव्हा मूळच्या पाऊण हिश्श्याएवढीच उरली होती. उचल-साखळी दहाव्या हिश्श्याने झिजली की टाकून द्यावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. आणि तुटण्याच्या भाराच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक भार तिच्यावर कधी टाकू नये, असा दुसरा. या साखळीचा भार कोणी मोजला नव्हता, जाडीही कोणी मोजली नव्हती. जी तुटणारच नाही तिला मोजावयाचे कशाला?

ज्या पालकांच्या घरी विहिरीची, ट्रॅक्टरची, बैलबंडीची किंवा झोपाळ्याची साखळी आहे त्यांनी महिन्यातून एकदा ती पुसून, प्रत्येक कडी उजेडात फिरवून पाहावी. आठवीच्या पुढचा कोणताही विद्यार्थी कॅलिपर वापरू शकतो. तो शाळेतून एका दिवसासाठी नेण्यास हरकत नाही, वहीत नाव लिहून न्यावा.

त्या शनिवारी मुलाचे वडील कुबडीच्या आधाराने शाळेत आले. मी त्यांना खुर्ची दिली व भिंग त्यांच्या हाती दिले. त्यांनी बराच वेळ ती कडी फिरवून फिरवून पाहिली. मग काळ्या भागावर नख ठेवून त्यांनी विचारले, “गुरुजी, हे इतकं आधीच गेलं होतं जी?” मी होय म्हटले. “म्हणजे त्या दिवशी बादली अर्धी असती, तरी?”

खोटे सांगणे सोपे होते. अर्धी असती तर कदाचित त्या दिवशी तुटली नसती, त्या आठवड्यात किंवा पुढच्या आठवड्यात तुटली असती, तेव्हा खाली कोण उभा असता ते सांगता येत नाही, असे मी म्हणालो. ते काही बोलले नाहीत. मुलाने चौकटींचा कागद काढून त्यांच्यापुढे धरला आणि एकेक घर बोटाने दाखवीत मोजू लागला.